रॉ फाइलसाठी सॉफ्टवेअर कसं निवडाल? कोकणात फोटो काढणाऱ्या नवख्यांसाठी

वैशाखातली दुपार, तारकर्लीची पांढरी वाळू आणि वाळूवर ओढून ठेवलेली होडी. कॅमेऱ्याने दिलेल्या जेपेगमध्ये आभाळ उडालेलं, म्हणजे नुसतं पांढरं असतं आणि होडीखालची सावली काळी ठिक्कर. त्याच क्षणाची रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद, नीट उघडली, तर आभाळातले ढग परत येतात आणि सावलीतलं जाळंही दिसायला लागतं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात. १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये ४,०९६ आणि १४ बिटच्या फाइलमध्ये १६,३८४. हा साठा बाहेर काढणं सॉफ्टवेअरचं काम.

‘कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?’ असं विचारलं, की दहा जण दहा नावं सांगतात. खरा निकाल तुमच्याच कॅमेऱ्याच्या तीन अवघड फाइली देतात. त्या कशा काढायच्या आणि कशा तपासायच्या, हे पुढे पायरीपायरीने दिलं आहे. एक शनिवार-रविवार मोकळा ठेवा, एवढा वेळ पुरतो.

पायरी १ : आपली फाइल ओळखा

कार्डावरच्या फाइलीचं शेपूट, म्हणजे नावातल्या टिंबानंतरची अक्षरं, बघा. कॅननची सीआर२ किंवा सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, फुजीफिल्मची आरएएफ, पॅनासॉनिकची आरडब्ल्यू२. काही कॅमेरे आणि बरेचसे फोन डीएनजी देतात. हा साचा अडोबीने २००४ मध्ये आणला आणि तो बहुतेक सगळीकडे उघडतो.

पण नुसतं शेपूट पुरत नाही. निकॉनच्या झेड ९सारख्या कॅमेऱ्यांत ‘हाय एफिशियन्सी’ नावाचा रॉ प्रकार आहे. शेपूट तेच, एनईएफ, पण आतली दाबणी वेगळी, त्यामुळे डार्कटेबलसारख्या मुक्तस्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल अडू शकते. मेनूत जाऊन ‘लॉसलेस कॉम्प्रेस्ड’ निवडा. सोनीच्या कॅमेऱ्यात नुसतं ‘कॉम्प्रेस्ड’ ठेवलं, तर लखलखत्या पाण्यासमोर उभ्या डोलकाठीच्या कडेला बारीक दातेरी डाग येऊ शकतात. लॉसलेस किंवा अनकॉम्प्रेस्ड असेल तर ते घ्या. फाइल मोठी होते, होऊ द्या.

आता ज्या सॉफ्टवेअरचा विचार आहे, त्याच्या कॅमेऱ्यांच्या यादीत आपलं मॉडेल अक्षर न् अक्षर जुळवून बघा. मार्क २ आणि मार्क ३ हे यादीच्या लेखी दोन वेगळे कॅमेरे. ‘फाइल उघडते’ आणि ‘कॅमेऱ्याचं नॉइज प्रोफाइल आहे’ (कमी उजेडात फोटोवर येणारे ठिपके, म्हणजे नॉइज, त्या मॉडेलसाठी मोजून ठेवलेला आहे) याही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डार्कटेबलच्या यादीत त्या वेगवेगळ्या रकान्यांत दिलेल्या असतात. रात्रीचे फोटो काढणाऱ्याने दुसरा रकाना जरूर बघावा.

कॅमेरा नवा आणि सॉफ्टवेअर जुनं असेल, तर अडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर बऱ्याचदा वाट काढून देतो. मात्र डीएनजी झाली म्हणून मूळ फाइल पुसू नका. कॅनन किंवा निकॉनचं स्वतःचं सॉफ्टवेअर ती डीएनजी उघडत नाही, आणि उलटा रस्ता नसतो.

पायरी २ : लॅपटॉप किती ओढेल?

साधा हिशेब करा. २४ मेगापिक्सेलचा फोटो सॉफ्टवेअर आत उघडतं तेव्हा प्रत्येक पिक्सेलला साधारण १६ बाइट लागतात, म्हणजे एका प्रतीला ३८४ मेगाबाइट. काम चालू असताना अशा दोन-तीन प्रती एकाच वेळी मेमरीत असतात. त्यात ब्राउझरच्या वीस खिडक्या उघड्या असल्या, तर ८ जीबीचा लॅपटॉप गुदमरणारच. ८ जीबीवर काम होतं, पण बाकी सगळं बंद करून. १६ जीबीवर निवांत होतं. नवीन काही घ्यायचं झालं तर आधी एसएसडी, मग रॅम, आणि ग्राफिक कार्ड त्यानंतर. ग्राफिक कार्ड असलंच, तर डार्कटेबलच्या सेटिंगमध्ये ओपनसीएल (ग्राफिक कार्डाकडून काम करून घेण्याची सोय) चालू आहे ना, ते बघून घ्या. नॉइज काढताना फरक लगेच जाणवतो.

पडद्याकडेही लक्ष द्या. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असतं. असा पडदा एसआरजीबीच्या (पडद्यांसाठीच्या प्रमाण रंगपट्ट्याच्या) जेमतेम ६० टक्के रंग दाखवतो. त्यावर लाल फिका वाटतो, म्हणून आपण तो वाढवतो, आणि प्रिंट भडक येते. नवा पडदा परवडत नसेल तर रंगाचा स्लायडर फार हलवू नका. रात्री पडदा पिवळसर करणारी ‘नाइट लाइट’ बंद ठेवा, आणि पाठीमागून खिडकीचा उजेड पडेल अशा जागी बसू नका.

पायरी ३ : तीन अवघड फाइली

सोप्या फोटोवर सगळी सॉफ्टवेअरं सारखीच दिसतात. म्हणून मुद्दाम अवघड फोटो काढा, रॉ आणि जेपेग दोन्ही एकदम साठवून.

पहिली फाइल अंगणातल्या लाल जास्वंदीची. सकाळी नऊच्या आसपास, ऊन थेट पाकळीवर असताना, फूल चौकटीत निम्म्याहून जास्त येईल इतकं जवळून. जेपेग १०० टक्क्यांवर उघडा. बहुधा पाकळीच्या जागी लाल रंगाचा एक सपाट गोळा दिसेल, शिरा गायब. गंमत अशी, की कॅमेऱ्याच्या पडद्यावर उजेडाचा एकत्रित हिस्टोग्राम (किती उजेडाचे किती पिक्सेल आहेत, त्याचा आलेख) अगदी सुरक्षित दिसत होता. लाल, हिरवा, निळा असे वेगळे आलेख लावले, तरच लाल उजव्या भिंतीला टेकलेला दिसतो. रॉ फाइलमध्ये मात्र तो लाल बहुतेक वेळा शाबूत असतो. दिवसाच्या उजेडात सेन्सरवर लाल हिरव्याच्या मानाने कमी नोंदला जातो, आणि व्हाइट बॅलन्स करताना (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग सावरताना) त्याला साधारण दुपटीने गुणलं जातं. हा गुणाकार झाल्यावर लाल फुटतो, त्याच्या आधी नाही. शिरा परत आणणं हे सॉफ्टवेअरच्या रंगकामाचं खरं माप. जास्वंदीवर जे जमेल, तेच शिमग्यातल्या पालखीच्या गुलालावर जमेल.

दुसरी फाइल भर दुपारच्या किनाऱ्याची: फेसाळ लाट, वाळू, आणि होडीच्या किंवा सुरूच्या सावलीतला एखादा माणूस, सगळं एकाच चौकटीत. आयएसओ १००, एफ ८, १/४०० पासून सुरुवात करा. तोच फोटो एक आणि दोन स्टॉप कमी एक्सपोजरवर (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे १/८०० आणि १/१६०० वर, परत घ्या. फेसातला पोत तिघांपैकी कोणत्या फाइलीत टिकला, हे नंतर कळेल, आणि तुमचा कॅमेरा किती सोसतो तेही.

तिसरी रात्रीची. दशावताराचा प्रयोग असेल तर उत्तम: देवळासमोरच्या मांडवात एकीकडून पिवळा हॅलोजन, दुसरीकडून निळे-जांभळे एलईडी, चेहऱ्यावर रंग, अंगावर जरी. आयएसओ ६४००, १/१२५, फ्लॅश बंद. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तिथेही फ्लॅश चालत नाही, आणि पहाटेच्या वा संध्याकाळच्या मंद उजेडात आयएसओ असाच चढतो. तेव्हा ही परीक्षा दोन्हीकडे कामी येते. जत्रेचा हंगाम नसेल, तर एका बाजूला पिवळा बल्ब आणि दुसऱ्या बाजूला सणाची एलईडी माळ लावून घरातल्या माणसाचा फोटो काढा.

फुजीचा कॅमेरा असेल तर चौथी फाइलही काढा: आभाळासमोर माडाची झावळं. फुजीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सरवरच्या रंगगाळण्यांचा नमुना नेहमीच्या २×२ ऐवजी ६×६ चा असतो. तो सोडवताना काही सॉफ्टवेअर झावळांच्या टोकांवर वळवळत्या अळ्यांसारखा पोत उमटवतं. अडोबीच्या लाइटरूममध्ये शार्पनिंग चढवल्यावर हे बऱ्याचदा दिसतं. डार्कटेबलमध्ये हा नमुना सोडवणाऱ्या डीमोझेक विभागात ‘मार्केस्टाइन ३-पास’ निवडला की पानं पानांसारखी दिसतात.

पायरी ४ : कोणाला आजमावायचं

पहिला मान कॅमेऱ्याच्या कंपनीच्याच सॉफ्टवेअरला द्या. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज: तिन्ही मोफत. कॅमेऱ्यात ‘व्हिव्हिड’ किंवा ‘पोर्ट्रेट’ लावलं असेल, तर ते हीच सॉफ्टवेअरं जसंच्या तसं उतरवतात. बाकीची बहुतेक सॉफ्टवेअरं तिकडे बघत नाहीत किंवा आपल्या अंदाजाने नक्कल करतात. फुजीचं एक्स रॉ स्टुडिओ तर यूएसबीने जोडलेल्या कॅमेऱ्यातल्याच प्रोसेसरकडून काम करून घेतं. मर्यादा दोन: दुसऱ्या कंपनीची रॉ फाइल चालत नाही, आणि फोटोच्या एखाद्याच भागाची बारीक दुरुस्ती तोकडी पडते.

रॉथेरपी मोफत आहे आणि २०१० पासून मुक्तस्रोत आहे. फोटो उघडताच तो कॅमेऱ्याच्या जेपेगच्या उजेडाशी जुळवून दाखवतो, त्यामुळे नवखा गोंधळत नाही. कॅटलॉग (फोटो आणि दुरुस्त्यांची एकत्र नोंदवही) नाही, आयात करणं नाही. फोल्डर उघडा आणि काम सुरू करा. बारीक पोत काढण्यात त्याचा हात धरणारे थोडे. सिंधुदुर्ग किल्ल्यावरचं तारांगण ३० सेकंदांच्या एक्सपोजरवर टिपणाऱ्यांना त्यातलं डार्क फ्रेम वजा करण्याचं साधन फार उपयोगी: झाकण लावून त्याच आयएसओवर, तेवढ्याच वेळाची एक फाइल काढायची आणि ती दाखवायची, की पेटलेले पिक्सेल निघून जातात. स्थानिक दुरुस्तीचं साधन आहे, पण सुरुवातीला किचकट वाटतं.

डार्कटेबलही मोफत आणि मुक्तस्रोत. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. हजारो फोटोंची मांडणी, टॅग, तारे आणि मास्क हे त्याचं बळ. फक्त होडीवर, फक्त आभाळावर, किंवा फक्त लाल रंगावर काम करायचं असेल तर मोफतमध्ये याला तोड नाही. शिकायला मात्र महिनाभर द्यावा लागतो.

पैसे मोजून घेण्यापैकी लाइटरूम वर्गणीवर चालतं. आपोआप बनणारे मास्क आणि नॉइज काढणं यांत ते खरंच वेळ वाचवतं. लग्नाच्या हजार फोटोंचं काम पोटासाठी करणाऱ्याला वर्गणी परवडते. वर्गणी थांबली की फोटो बघता आणि एक्सपोर्ट करता येतात, पण डेव्हलप विभाग बंद होतो. ठरावीक दिवसांनी त्याला इंटरनेटवर हजेरीही लावावी लागते. पावसाळ्यात आठ-आठ दिवस नेट नसलेल्या गावात हे ध्यानात ठेवा. कॅप्चर वन आणि डीएक्सओ फोटोलॅब एकरकमी विकत मिळतात. फोटोलॅबचं नॉइज काढणारं डीपप्राइम रात्रीच्या फाइलींवर अव्वल आहे, पण बरं ग्राफिक कार्ड नसेल तर एकेका फोटोला बराच वेळ घेतं. या तिघांच्या चाचणी आवृत्त्या मिळतात. त्या आवृत्त्या आपल्या तीन फाइली हाताशी आल्यावरच उतरवा, नाहीतर चाचणीचे दिवस नुसतेच निघून जातात.

गिम्प रॉ फाइल स्वतः उलगडत नाही. त्यात रॉ उघडायला गेलं की तो डार्कटेबल किंवा रॉथेरपीला हाक मारतो. फोनवर स्नॅपसीड डीएनजी उघडतं, प्रवासात तेवढं पुरतं.

पायरी ५ : एकच परीक्षा, सगळ्यांना सारखी

प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तीच फाइल, त्याच क्रमाने: व्हाइट बॅलन्स, एक्सपोजर, उडालेले भाग, सावली, नॉइज, एक्सपोर्ट. एका फाइलीला वीस मिनिटं, घड्याळ लावून. काय जमलं आणि काय सापडलंच नाही, ते वहीत लिहा. वीस मिनिटांत जे साधन सापडत नाही, ते पुढच्या महिन्यातही तुम्ही फारसं वापरणार नाही.

जास्वंदीवर आधी एक्सपोजर अर्धा ते एक स्टॉप खाली घ्या आणि शिरा दिसतात का बघा. रॉमध्ये खरंच काही फुटलं आहे का, हे डार्कटेबलमधल्या खालच्या पट्टीवरच्या ‘रॉ ओव्हरएक्स्पोज्ड’ बटणाने कळतं, तर रॉथेरपीत हिस्टोग्राम रॉवर लावून कळतं. रॉमध्ये लाल शाबूत असूनही पडद्यावर गोळाच दिसत असेल, तर फक्त लालाची सॅच्युरेशन थोडी उतरवा. एसआरजीबीत तेवढा गडद लाल मावतच नाही, म्हणून तो सपाट होतो.

किनाऱ्याच्या फाइलीवर फेस पांढरा राहतो की गुलाबी होतो, ते बघा. गुलाबी झाला तर हिरवा भरून वाहिला आणि व्हाइट बॅलन्सच्या गुणाकाराने लाल-निळे त्याच्या पुढे गेले, असा अर्थ. हायलाइट रिकन्स्ट्रक्शन (उडालेले भाग परत उभं करणारं साधन) चालू करा, किंवा त्यातली दुसरी पद्धत निवडून बघा. एक किंवा दोन स्टॉप कमी घेतलेली फाइल उचलताना सावलीत रंगीत ठिपके किती येतात, तेही पाहा. माडाखाली किंवा सुरूच्या बनात उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर हिरवट झाक येते. ती तापमानाच्या स्लायडरने जात नाही. टिंट किंचित मॅजेंटाकडे न्यावा लागतो.

दशावताराच्या फाइलीवर निळा एलईडी झालर लावल्यासारखा फुटतो, सोंगाच्या गालावर जांभळा डाग पडतो. डार्कटेबलमध्ये कलर कॅलिब्रेशनमधला ‘गॅमट कॉम्प्रेशन’ हळूहळू वाढवा, डाग विरघळतो. नॉइज काढताना आधी रंगीत ठिपके घालवा. उजेडाचा दाणा थोडा राहू द्या. तो पूर्ण पुसला तर जरी मेणासारखी गुळगुळीत होते आणि चेहऱ्यावरच्या रंगाचे थर नाहीसे होतात.

इथे नवखे कुठे अडतात? रॉथेरपीत नॉइज आणि शार्पनिंगचा परिणाम १०० टक्के झूमवरच नीट दिसतो. पूर्ण फोटो बघत स्लायडर ओढला तर काहीच होत नाही असं वाटतं, मग माणूस तो टोकाला नेतो. डार्कटेबलमध्ये फोटो उघडताच फिका दिसतो, कारण ते कॅमेऱ्याच्या जेपेगची नक्कल करत नाही. एक्सपोजरच्या विभागाने सुरुवातीलाच दिलेली सुमारे ०.७ स्टॉपची उचल कमी पडली तर आणखी वाढवा, त्यात काही बिघडत नाही. त्यातच फिल्मिक आणि सिग्मॉइड एकत्र लावू नका. दोघांचं काम एकच, उजेड पडद्यात बसवणं. दोन्ही लागले की फोटो चिखलासारखा होतो. व्हाइट बॅलन्सचा विभाग मुळात असेल तसाच राहू द्या आणि रंगाची दुरुस्ती कलर कॅलिब्रेशनमध्ये करा. दोन्हीकडे हात लावला की सॉफ्टवेअर लाल इशारा देतं.

आंबोलीच्या धुक्याचे फोटो असतील तर धुकं काढणाऱ्या ‘डीहेझ’ साधनाचा मोह टाळा. पावसाळी धुकं हाच त्या फोटोचा जीव असतो. साधन जोरात लावलं की आभाळ निळसर-काळं पडतं आणि झाडांच्या कडेला पांढरी रेघ येते.

पायरी ६ : वीज गेली तर?

हा प्रश्न कोकणात सॉफ्टवेअर निवडतानाच विचारायचा. रॉथेरपी प्रत्येक रॉ फाइलीशेजारी दुरुस्त्यांची नोंद असलेली पीपी३ नावाची छोटी फाइल ठेवतं. दुसरा कुठलाही डेटाबेस बिघडण्याचा प्रश्नच नाही. डार्कटेबल डेटाबेसमध्येही लिहितं आणि शेजारी अशीच एक्सएमपी फाइलही ठेवतं, म्हणून डेटाबेस गेला तरी काम परत मिळतं. लाइटरूम क्लासिकमध्ये सगळं कॅटलॉगमध्ये असतं आणि एक्सएमपी लिहिणं मुळात बंद असतं. कॅटलॉग सेटिंगमधल्या मेटाडेटा भागात जाऊन ते पहिल्याच दिवशी चालू करा.

फोटो दुसरीकडे हलवताना या शेजारच्या फाइली सोबत गेल्याच पाहिजेत. एक्सप्लोररमधून नुसत्या रॉ उचलून नव्या डिस्कवर टाकल्या की सगळी दुरुस्ती हरवल्यासारखी वाटते. लाइटरूम आणि डार्कटेबल वापरत असाल तर हलवणं आणि नाव बदलणं त्यांच्या आतूनच करा.

बाहेरची हार्ड डिस्क एक्सफॅट साच्यात असेल तर लिहिणं चालू असताना वीज जाणं तिला महागात पडतं. त्या साच्यात चुकलेली नोंद सावरणारी व्यवस्था नाही. विंडोजवरच काम असेल तर एनटीएफएस करून घ्या. डिस्क सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट डब्यात ठेवा. मिरची-मसाल्याची आगोट भरता, तेव्हाच फोटोंचीही भरा: पहिल्या पावसाआधी सगळ्याची एक पूर्ण प्रत दुसऱ्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावी.

एका सॉफ्टवेअरची दुरुस्ती दुसऱ्यात उघडत नाही. तारे आणि टॅग सोबत येतात, रंगकाम येत नाही. म्हणून वर्षातले सर्वांत चांगले पन्नास-शंभर फोटो १६ बिट टिफमध्येही काढून ठेवा. उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी ते तुमच्या हातात राहतात.

पायरी ७ : निवड आणि एक्सपोर्ट

वहीतल्या नोंदी समोर ठेवा. कंपनीच्या सॉफ्टवेअरने तिन्ही फाइली सोडवल्या असतील तर आणखी काही उतरवू नका. किनारा जमला पण फक्त आभाळावर किंवा फक्त होडीवर काम करता आलं नाही, तर डार्कटेबल. जुना लॅपटॉप, वारंवार जाणारी वीज आणि मोजके फोटो असतील, तर रॉथेरपी. रात्रीच्या फाइलीवर दोन्ही मोफत पर्याय कमी पडले आणि तुम्ही वर्षभर जत्रा-नाटकंच टिपत असाल, तरच पैसे मोजा. एकदा निवडलं की सहा महिने तेच वापरा.

एक्सपोर्टचे आकडे असे. पडद्यासाठी लांब बाजू २०४८ पिक्सेल, एसआरजीबी, जेपेग दर्जा ९०. आठ बाय बारा इंच प्रिंटसाठी २४०० × ३६०० पिक्सेल, दर्जा ९५. स्टुडिओवाल्याने वेगळं सांगितलं नसेल तर एसआरजीबीच. अडोबी आरजीबी या मोठ्या रंगपट्ट्यात पाठवलेली फाइल साध्या प्रिंटरवर जांभ्याचा तांबडा आणि भातशेतीचा हिरवा दोन्ही मरगळलेले काढते. व्हॉट्सअॅपवर पाठवायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर एवढ्या मेहनतीने परत आणलेल्या जास्वंदीच्या शिरा पाठवतानाच पुन्हा पुसल्या जातात.